मागचं टोक

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. वय वर्षं अडतीस, एक बायको, एक मुलगा, एक होम लोन, आणि तरीही शनिवारी रात्री जेवणं आटोपली की मी ट्रक चालवतो. खरा नाही हो, कॉम्प्युटरवरचा.

युरो ट्रक सिम्युलेटर 2 नावाचा गेम आहे. प्रागमधल्या एससीएस सॉफ्टवेअरवाल्यांनी 2012 मध्ये काढला आणि अजून लोक तो खेळतात. गेममध्ये कुणाला मारायचं नसतं, राजकन्या सोडवायची नसते. माल भरायचा, युरोपातल्या एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायचा, ट्रक नीट पार्क करायचा. संपलं. मित्र विचारतात, "दिवसभर हिंजवडीचा ट्रॅफिक खाऊन येतोस आणि घरी येऊन परत गाडीच चालवतोस?" त्यांना काय सांगणार? अरे, तिकडे इंडिकेटर दिला की लोक जागा देतात! त्या एका गोष्टीसाठी मी लॉकडाऊनमध्ये सेकंडहँड स्टिअरिंग व्हील घेतलं, पेडल्ससकट. बायकोने किंमत विचारली तेव्हा मी अर्धी सांगितली. (ती हा ब्लॉग वाचत नाही. बहुतेक.)

तर या गेमला डिसेंबर 2017 मध्ये 'स्पेशल ट्रान्सपोर्ट' नावाची पुरवणी आली. आपल्याकडे ज्याला ओडीसी म्हणतात ना, ट्रेलरच्या मागे लाल अक्षरांत लिहिलेलं असतं, ओव्हर डायमेन्शनल कार्गो, तोच प्रकार. सत्तर टनांपर्यंतचं धूड, सहा मीटरपर्यंत रुंद, वीसेक मीटर लांब. पुढे एक एस्कॉर्ट गाडी, मागे एक, चौकाचौकात पोलीस वाहतूक अडवून उभे. ठरलेला रस्ता सोडायचा नाही, एस्कॉर्टला मागे टाकायचं नाही आणि कशाला घासायचं नाही.

आता थोडं ज्ञान पाजळतो. हे असलं धूड नेताना पहिली गोष्ट विसरायची ती म्हणजे आपण ट्रक चालवतोय ही. आपण मागचा ट्रेलर चालवत असतो, ट्रक फक्त त्याच्या पुढे असतो. वळणावर मागची चाकं आतून कापतात, म्हणून आधी उलट्या बाजूला जाऊन मग वळायचं. मागच्या चाकांच्याही मागे जो भाग लोंबतो तो वळताना बाहेरच्या बाजूला फेकला जातो. म्हणजे तुम्ही डावीकडे वळताय आणि तुमचं शेपूट उजवीकडच्या सिग्नलच्या खांबाला टाटा करतंय. ब्रेक आधी लावायचा आणि हळू लावायचा, कारण सत्तर टन एकदा चालायला लागले की त्यांचं स्वतःचं एक मत असतं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, रिटार्डर वापरायचा. आणि आरसा, आरसा, आरसा. माझा मुलगा मला 'आरसेमहाल' म्हणतो.

हे सगळं मला यायला सहा महिने लागले. पण मग यायला लागलं. एकामागून एक जॉब्स, डॅमेज शून्य टक्के. तळेगाव दाभाड्यात ओडीसीतलं आपल्याइतकं कुणाला कळत नसेल असं मला मनातल्या मनात वाटायला लागलं होतं. ज्या गावाच्या एका बाजूला जुना मुंबई-पुणे हायवे, दुसऱ्या बाजूला एक्सप्रेसवे, आणि चाकणकडे जाणारा रस्ता म्हणजे चोवीस तास कंटेनरांची रांग, त्या गावात असं वाटणं हा विनोदच आहे. पण तेव्हा तो कळला नाही.

मागच्या वर्षीच्या नोव्हेंबरातली गोष्ट. चाकणला एका मित्राकडे जेवायला गेलो होतो, एकटाच. परत निघायला अकरा वाजले. तळेगाव-चाकण रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना अकरा वाजता निघण्यामागचा शहाणपणा सांगायला नको. म्हाळुंगे गेलं, इंदोरी जवळ आलं आणि गाड्या थांबल्या. पुढे पिवळे फिरते दिवे. मला लांबूनच कळलं, ओडीसी! मी अक्षरशः खूश झालो. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी अजस्र, बहुधा एखाद्या प्रेसचा भाग, हायड्रॉलिक ट्रेलरवर चढवून एमआयडीसीच्या एका फाट्यावर डावीकडे आत घेत होते. मागे एक माणूस लाल बॅटरी हलवत गाड्या अडवून उभा.

पाच मिनिटं मी कौतुकाने बघितलं. दहा मिनिटं झाली. धूड हलतंय की नाही तेही कळेना. मागून हॉर्न सुरू झाले. समोरच्या बाजूने कुणीच येत नव्हतं, कारण तिकडच्याही गाड्या अडवलेल्या, म्हणजे रस्त्याचा उजवा भाग मोकळा. माझ्यापुढचा एक टेम्पो बॅटरीवाल्याला चुकवून उजवीकडून निघाला. आणि मग मीही निघालो.

का निघालो याचं उत्तर मी बरेच दिवस शोधत होतो. घाई नव्हती. उद्या रविवार होता. खरं उत्तर लाज वाटण्यासारखं आहे: मला वाटलं, मला हे कळतं. बाकीच्यांना नसेल कळत, पण मला या गाडीचा अंदाज आहे.

टेम्पो गेला. मी ट्रेलरच्या मागच्या टोकाशी आलो आणि त्याच वेळी पुढचा पुलर डावीकडे वळला. म्हणजे शेपूट उजवीकडे. हे मी वर तुम्हाला ऐटीत समजावून सांगितलंच आहे. ते निळं धूड माझ्या बाजूला सरकायला लागलं, अगदी सावकाश, आणि ते आणि मी यांच्या मधे एक माणूस होता. मला तो दिसलाच नव्हता. पाठ माझ्याकडे, हातात बॅटरी, नजर ट्रेलरच्या कोपऱ्यावर, आणि धूड जसं सरकत होतं तसा तो एक एक पाऊल मागे येत होता. माझ्या बॉनेटकडे.

ब्रेक लागला. गाडी थांबली आणि बॉनेटवर धप्पकन हात पडला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. पन्नाशीचा असेल, अंगात ते चमकणारं जाकीट, पायात चपला. मला वाटलं आता शिव्या. पण त्याने शिवी दिली नाही, कारण त्याला वेळच नव्हता. टोक अजून फिरत होतं. एका हाताने माझी गाडी दाबून धरल्यासारखी धरून तो परत ट्रेलरकडे बघायला लागला आणि ओरडला, "बस! बस! थांब!" धूड थांबलं. मग बोटाने मला खूण केली, मागे. मी रिव्हर्स टाकला. हात इतके थरथरत होते की पहिल्यांदा गिअर पडलाच नाही.

घरी पोचायला साडेबारा झाले. बायकोने विचारलं एवढा उशीर का. म्हटलं, ट्रॅफिक.

पुढच्या शनिवारी गेम लावला. मुद्दाम एक रुंद लोड घेतलं. डावं वळण आलं तेव्हा बाहेरचा कॅमेरा लावून मागचं टोक बघितलं. ते फूटपाथवरून हिरवळीवर गेलं आणि परत रस्त्यावर आलं. तिथे कुणीच नव्हतं. डॅमेज शून्य टक्के.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. सांगितली ती पहिल्या मजल्यावरच्या काकांना, तीही ठरवून नाही. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, आणि सोसायटीतल्या निम्म्या ज्येष्ठ नागरिकांचं डिजिटल जीवन प्रमाणपत्र मीच काढून देतो. (सॉफ्टवेअरवाला म्हणजे सगळं येतं अशी समजूत आहे. प्रिंटर पण मीच दुरुस्त करतो.) काका त्यासाठी वर आले. चेहरा स्कॅन होईना म्हणून दोनदा चष्मा काढला, तिसऱ्यांदा झालं, आणि उठता उठता त्यांना टेबलाला जोडलेलं स्टिअरिंग दिसलं.

"हे काय रे?"

मी दाखवलं. काका खुर्ची ओढून बसले ते बसलेच. मला एवढंच माहीत होतं की ते निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत नोकरीला होते. काय काम करायचे ते मी आठ वर्षांत कधी विचारलं नव्हतं. तर काका रूट सर्व्हे करायचे. अवजड माल निघायच्या आधी सगळा रस्ता मोजत जायचा. अठरा वर्षं त्यांनी तेवढंच केलं.

मी अर्थातच जरा जास्त ऐटीत चालवून दाखवलं. वळण सुंदर घेतलं. काका म्हणाले, "छान घेतलंस. हात चांगला आहे." मग थोडं पुढे वाकून बघत म्हणाले, "पण माणसं कुठंयत?"

"कुठली माणसं?"

"खालची."

मला आधी कळलंच नाही. मग काकांनी बोटांवर मोजून सांगितलं. पुढे पायलट गाडीत एक ड्रायव्हर आणि एक बोलणारा. मागे लाल दिवा घेऊन एक. ट्रेलरच्या मागच्या बाजूला एक ऑपरेटर, कारण मोठ्या ट्रेलरची मागची चाकं पुलरचा ड्रायव्हर वळवत नाही, मागचा माणूस वळवतो. रस्त्याला एका बाजूला उतार असला की हायड्रॉलिकने ट्रेलर समतल ठेवायचा, तेही त्याच्याचकडे. मालावर बसलेला एक, हातात बांबू, तारा उचलायला. दोन्ही कोपऱ्यांना एकेक. ओंडके घेऊन पळणारा एक, गाडी थांबली की चाकाखाली टाकायला. "ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही रे. त्याला फक्त ऐकू येतं. येऊ दे, येऊ दे, बस. तो ह्या लोकांच्या आवाजावर चालवतो."

आणि इथे मी एकटा. सहा मीटर रुंद धूड, दोन एस्कॉर्ट गाड्या, आणि खाली पायी चालणारा एकही माणूस नाही.

मग मी त्यांना ती रात्र सांगितली. काका ऐकत होते. मधे काही बोलले नाहीत. शेवटी एकच विचारलं, "त्याचं तोंड कुठं होतं?"

"लोडकडे."

"मग तो बरोबर होता." एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या एकाचा पाय गेला होता असाच. लोडनं नाही. मधून मोटारसायकल घुसली." आणि पाणी पिऊन खाली गेले.

त्या रात्री मी या विषयावर जे सापडेल ते वाचत बसलो. (हा माझा स्वभाव. अपराधी वाटलं की वाचतो.) सगळ्यात भारी गोष्ट आपल्याच महाराष्ट्रातून निघालेली आहे, आणि तुमच्यापैकी काहींनी तेव्हा फॉरवर्डही केली असेल. तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे राक्षसी प्रेशर कुकर म्हणा ना, जुलै 2019 मध्ये महाराष्ट्रातून रस्त्याने निघाला. वजन सुमारे 70 टन, उंची साडेसात मीटर, रुंदी साडेसहा मीटरच्या वर. ट्रेलरला 74 चाकं. सोबत तीसएक माणसं. तो पोचला जुलै 2020 मध्ये. एक वर्ष! अंतर साधारण 1,700 किलोमीटर. भागाकार केला तर दिवसाला साडेचार किलोमीटर. वाटेत झाडांच्या फांद्या छाटल्या, तारा हलवल्या, रस्ते नीट केले, आणि त्यात लॉकडाऊन लागला म्हणून आंध्रात अडकून पडले ते वेगळंच. गेममध्ये नकाशाच 1:19 या प्रमाणात आहे, त्यामुळे दोन देश ओलांडायला मला एक वाटी पोहे पुरतात.

आपल्या नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या गाडीची रुंदी जास्तीत जास्त 2.6 मीटर. त्यापलीकडे गेलं की परवानगी. राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्राच्या रस्ते मंत्रालयाची, राज्याच्या रस्त्यासाठी बांधकाम खात्याची, शिवाय पोलीस, शिवाय तारा असतील तर महावितरणचा शटडाऊन. रात्री दीड वाजता तुमची लाइट पंधरा मिनिटं गेली आणि आली, तर दर वेळी तो फॉल्टच असतो असं नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. 23 मे 2013, वॉशिंग्टन राज्य, स्कॅजिट नदीवरचा हायवेचा पूल. उंच माल घेतलेला ट्रक, रीतसर परवाना, पुढे पायलट गाडी, त्या गाडीवर उंची मोजायचा दांडा. सगळं कागदावर बरोबर. पुलाच्या वरच्या लोखंडी कमानी मधे उंच आणि कडेला खाली होत्या. ट्रक डाव्या लेनमधून गेला असता तर निघाला असता. पण शेजारून दुसरा ट्रक ओव्हरटेक करत होता म्हणून हा उजवीकडे दबला, माल कमानींना धडकला, आणि पुलाचा एक अख्खा गाळा नदीत गेला. दोन गाड्या पाण्यात. तीन माणसं, नशिबाने तिघंही वाचली. तपासात निघालं की पायलट गाडीची ड्रायव्हर त्या वेळी फोनवर बोलत होती. हँड्सफ्रीवर. हात स्टिअरिंगवरच होते तिचे.

हे मी काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "दांडा असून काय उपयोग, दांड्याचं ऐकायला कुणीतरी पाहिजे." आणि म्हणाले, "रविवारी सकाळी मोकळा आहेस का? सातला ये खाली."

सात वाजता काका खाली उभे. हातात टेप, एक सरकवून उंच करायचा ॲल्युमिनियमचा दांडा (निवृत्तीनंतरही जपून ठेवलेला, काकूंच्या मते अडगळ), आणि एक डायरी. म्हणाले, समज पाच मीटर उंच आणि पाच मीटर रुंद लोड आहे, आणि ते स्टेशनाकडून चाकण रोडला लावायचंय. चल.

मी या रस्त्यावरून आठ वर्षं जातोय. त्या सकाळी पहिल्यांदा वर बघितलं.

तारा. कुणी किती तारा टाकल्यात या गावात! विजेच्या कमी, केबल आणि इंटरनेटच्या जास्त. मी खांबापाशी दांडा लावला तर काकांनी कान धरायचाच बाकी ठेवला. खांबापाशी मोजून उपयोग नाही, तार मधे लोंबते, मधे मोज. आणि सकाळी मोजलंस, उन्हाळ्यातल्या दुपारी तीच तार तापून खाली येते, त्यासाठी जागा सोड. विजेच्या तारेजवळ हा दांडा न्यायचाच नाही, ती लांबूनच ताडायची आणि डायरीत लिहायची, महावितरणला सांगायचं. पुढे कुणा भाऊंच्या वाढदिवसाची कमान. काका म्हणाले, ही पक्की नसते म्हणून हिची भीती जास्त. सर्व्हेच्या दिवशी नसते, लोडच्या दिवशी असते. गणपतीत मांडव. लग्नसराईत मांडव. एकदा एका गावात मधोमध मांडव लागला म्हणून ते चार दिवस थांबले होते. गावकऱ्यांनी जेवायला बोलावलं आणि हे लोक जेवले. करणार काय?

झाडाची फांदी. नवा स्पीडब्रेकर, कारण ट्रेलरचं पोट खाली टेकतं. दुभाजक. चौकातला पुतळा. पुलाखालची उंचीची पाटी आली तेव्हा मी शहाण्यासारखा आकडा लिहून घ्यायला लागलो. काका म्हणाले, "तो आकडा पाटी लावली त्या दिवसाचा. त्यानंतर खाली किती वेळा डांबर टाकलं?" मोजलं पाहिजे. प्रत्येक वेळी, प्रत्येक लोडला, परत.

आमच्या हापिसात आम्ही कॉन्फिगरेशनच्या फाइलवर असाच विश्वास ठेवतो. असो.

काकांना खंडाळ्याचा अमृतांजन पूल पण आठवला. ब्रिटिशांनी 1830 मध्ये बांधलेला, एप्रिल 2020 मध्ये लॉकडाऊनचा मुहूर्त साधून स्फोट करून पाडला तो. सगळ्यांना त्याचं वाईट वाटलं होतं, मलाही वाटलं. काकांना नाही वाटलं. त्याचे खांब चुकवत माल काढताना त्यांच्या जिवाचं पाणी व्हायचं. "तुमच्यासाठी तो लोणावळा आल्याची खूण होता," म्हणाले, "माझ्यासाठी तो डायरीतलं लाल पान होता."

चालत चालत इंदोरीपर्यंत गेलो. इंद्रायणीवरच्या पुलापाशी काका थांबले. पुलावरून लोड न्यायची पद्धत त्यांनी इथे समजावली. बाकी सगळी वाहतूक बंद, पुलावर फक्त ती एक गाडी, बरोबर मधल्या रेषेवरून, माणसाच्या चालीने, आणि पुलावर ब्रेक लावायचा नाही, थांबायचं नाही, गिअर बदलायचा नाही. थांबलं की धक्का बसतो. वजन जेवढं जास्त तेवढे एक्सल जास्त लावायचे, म्हणजे एकेका चाकावर कमी येतं. एका ओळीत आठ टायर, अशा बारा ओळी लावल्या तर शहाण्णव. "बघणाऱ्याला वाटतं चाकं जास्त म्हणजे लोड भयंकर. अरे, चाकं जास्त म्हणजे पुलाला हलकं."

तिथून कुंडमळा लांब नाही. 15 जून 2025, रविवार, कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने पडला आणि चार माणसं गेली. आमच्या सोसायटीतलीही काही मुलं त्या दिवशी तिकडे जाणार होती. काकांनी त्या बाजूला बघितलं. मीही बघितलं. त्यावर आम्ही काही बोललो नाही, परत फिरलो. परतताना काकांनी मिसळ खाल्ली, डॉक्टरांनी बंद केलेली. ते काकूंना सांगायचं नाही असं ठरलं.

डायरीत सतरा नोंदी झाल्या होत्या. अवघ्या काही किलोमीटरांत सतरा जागा, जिथे ते काल्पनिक लोड अडलं असतं. मी काकांना विचारलं, मग तुम्ही काय करायचात, सतरा जागा निघाल्या तर? म्हणाले, "दुसरा रस्ता शोधायचो. नाही मिळाला तर सतरा जागी सतरा माणसांना भेटायचो."

गेम मी सोडलेला नाही, तसं वाटत असेल तर. पण खेळायची पद्धत बदलली. आता जॉब घेतला की आधी रिकामा ट्रक घेऊन त्याच रस्त्याने एकदा जाऊन येतो. वळणावर थांबतो, बाहेरच्या कॅमेऱ्याने चारी बाजूंनी बघतो. मुलगा म्हणतो, "बाबा, बोअर करतोस." खरंय. एका जॉबला पूर्वी जेवढा वेळ लागायचा त्याच्या तिप्पट लागतो. आणि घासलं तर आधीचा सेव्ह उघडायचा नाही, लागलेला डॅमेज तसाच पुढे न्यायचा, असा नियम केलाय. परवा साडेचार टक्के लागला, लोखंडी कठड्याला. दोन दिवस मनात राहिला.

त्या माणसाला शोधायचा प्रयत्नही करून बघितला. म्हणजे काय, चहाच्या टपरीवर दोनदा विचारलं. लोक हसले. ती माणसं इथली नसतातच. आज चाकण, परवा जामनगर, नाहीतर आणखी कुठे.

आता शेवटचं. फेब्रुवारीत परत तोच रस्ता, परत रात्र, सव्वाअकरा. पिवळे दिवे. मी सगळ्यांच्या पुढे होतो, माझ्या पुढे फक्त लाल बॅटरीवाला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी इंजिन बंद केलं. मागे लगेच हॉर्न. वीस मिनिटं झाली. आरशात बघितलं (आरसेमहाल!) तर एक मोटारसायकल उजवीकडून सुळकन पुढे यायला लागली होती, तिच्या मागे दुसरी. पोरगा एकटा. एकीला अडवेपर्यंत दुसरी निसटणार.

मी गाडीतून उतरलो, मोबाइलची टॉर्च लावली आणि रस्त्याच्या मधे जाऊन उभा राहिलो. मोटारसायकलवाला म्हणाला, "तुम्ही कोण?" मला काय उत्तर द्यावं सुचेना. म्हटलं, "थांबा दोन मिनिटं, मागचं टोक फिरतंय." तो चरफडला, पण पाय टेकले त्याने.

पोरगा माझ्याकडे वळून बघत होता. त्यालाही कळेना. "साहेब, कुठल्या कंपनीचे?"

"कुठल्याच नाही."

तो जरा वेळ थांबला. मग काखेतलं लाल फडकं काढून माझ्याकडे फेकलं आणि म्हणाला, "मग इकडं नका उभे राहू. तिकडं, पुलियाच्या पलीकडं. तोंड गाड्यांकडं करा, लोडकडं बघू नका. लोडकडं आमचा माणूस आहे."